घरच्या वर्कशॉपसाठी स्प्रे गन कोणती घ्यावी? (सागवानी देव्हारा, जाळी आणि २५ लिटरचा कंप्रेसर)

सागवानी (पुणे)

नमस्कार मंडळी. चार वर्षं झाली, सुट्टीच्या दिवशी सुतारकाम करतो. पार्किंगच्या मागे दहा बाय बाराची पत्र्याची शेड आहे, तेच माझं वर्कशॉप. आजवर सगळं फिनिश हातानेच केलं. कधी जवसाचं तेल, कधी कापडाने फ्रेंच पॉलिश, कधी ब्रश.

आता आईसाठी सागवानी देव्हारा करायला घेतलाय. दोन्ही बाजूंना जाळी, पुढे लेथवर काढलेले चार खांब, वर छोटा कळस. जाळीच्या एका नमुन्याच्या तुकड्यावर ब्रशने मेलामाइन (थिनरवालं पारदर्शक पॉलिश) मारून पाहिलं. प्रत्येक भोकाच्या खालच्या कडेला एकेक थेंब लोंबून तसाच सुकला. पॉलिश पेपर आत जात नाही, ब्लेडने खरवडायला गेलो तर एक पट्टी तुटली. तेव्हाच ठरवलं की हे काम फवाऱ्याचं आहे.

कंप्रेसर आहे: १ एचपी, २५ लिटर टाकी, ऑइल-फ्री. पिन गनसाठी (बारीक खिळे मारायची) आणि धूळ उडवायला घेतला होता. काल बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने तीन गन समोर ठेवल्या. खाली कप असलेली साधी सक्शन गन, वर कप असलेली १.४ एमएम नोझलची एचव्हीएलपी, आणि विजेवर चालणारी, जिला कंप्रेसर लागत नाही. त्याचं म्हणणं, "एचव्हीएलपी घ्या, सगळं ह्याच्यात होतं." तसाच परत आलो, कारण नीट समजल्याशिवाय घ्यायची नाही.

देव्हारा गणपतीच्या आधी पूर्ण करायचाय. दिवाळीपर्यंत मुलीसाठी एमडीएफचं अभ्यासाचं टेबल करायचंय, पांढऱ्या ड्युको रंगात. दोन्हीला एकच गन चालेल का?

---

निवृत्त_रंगारी (चिंचवड)

सागवानी, न घेता परत आलात हे फार चांगलं केलंत. मी गाड्यांच्या कारखान्यात पेंट शॉपमध्ये ३१ वर्षं काढली. निवृत्तीनंतर घरी येऊन गन विचारणारे बरेच भेटले. सगळे गनपासून सुरुवात करतात. सुरुवात हवेपासून करायची असते.

तुमच्या कंप्रेसरवर सीएफएमचा (दर मिनिटाला किती घनफूट हवा) जो आकडा छापलाय तो बहुधा पिस्टनचा हिशेब आहे. गनला प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याच्या ६०-७० टक्के धरा. १ एचपी ऑइल-फ्रीकडून ३ सीएफएमच्या आसपास मिळेल. दुकानदाराने दाखवलेली १.४ ची एचव्हीएलपी मागते १२ च्या आसपास. आता टाकीचा हिशेब करा. २५ लिटरची टाकी ८ बार दाबावरून ४ बारवर आली की तिने १०० लिटर हवा दिली, म्हणजे साडेतीन घनफूट. गन दर मिनिटाला १२ खाते, मोटर ३ भरते, तूट ९ ची. साडेतीन भागिले नऊ. २३-२४ सेकंदांत तुम्ही ४ बारवर आलात, आणि तिथून दाब घसरतच जाणार.

दाब घसरला की काय होतं ते डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो. फळीच्या डाव्या टोकाला रंग धुक्यासारखा बारीक बसतो, मधे जरा खरखरीत, उजव्या टोकाला नुसते शिंतोडे. सुकल्यावर हात फिरवला की संत्र्याची साल लागते हाताला. माणूस म्हणतो गन खराब. गनला बिचारीला पुरेसं खायलाच मिळालेलं नसतं.

एचव्हीएलपी म्हणजे हवा जास्त, दाब कमी. एअर कॅपशी (गनच्या तोंडावरची भोकांची टोपी) दाब १० पीएसआयच्या आत ठेवायचा, हा नियम कॅलिफोर्नियातल्या हवा-प्रदूषणाच्या कायद्यांतून आला. रंगाचा किमान ६५ टक्के भाग कामावर बसावा, हा त्यामागचा हेतू. गन उत्तमच आहे. पण तिचं पोट मोठं आहे.

तुमच्या टाकीला झेपेल अशी एलव्हीएलपी मिळते. हवाही कमी, दाबही कमी. १.३ नोझलला साधारण ५ सीएफएम. तूट २ ची, म्हणजे पावणेदोन मिनिटं सलग फवारा. देव्हाऱ्याची एक बाजू अर्ध्या मिनिटात होते, मग टाकी भरेपर्यंत थांबायचं.

आणि एक, पाइप. ती पिवळी-निळी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली नळी पिन गनसाठी ठीक आहे, रंगासाठी नको. आतून ५ मिलिमीटर असते, त्यात दाब मरतो. आतून ८ मिलिमीटरची सरळ रबरी नळी घ्या. दाबाचं घड्याळ गनच्या मुठीशी लावा, आणि आकडा वाचायचा तो ट्रिगर दाबलेला असताना. ट्रिगर सोडून वाचलेल्या आकड्याला काही अर्थ नाही.

---

कुडाळचा_रंधा

काकांचा हिशेब एकदम बरोबर. पण आमच्याकडे दोन पिढ्या सुतारकाम आहे, म्हणून थोडं वेगळं मांडतो.

आमचे बापू आयुष्यभर खाली कप असलेल्या साध्या गनवरच काम करत आले. मेलामाइन, एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, सगळं. दारं, पलंग, कपाटं. कंप्रेसर मात्र २ एचपी बेल्टचा. मटेरियल वाया जातं हे खरं, निम्म्याहून जास्त हवेत उडतं. तरी मोठ्या सपाट कामाला ती गन अजून उत्तम चालते. कप लिटरचा असल्याने अख्खं दार एका दमात होतं.

पण खांब आणि जाळी आली की बापू ती गन खाली ठेवतात आणि छोटी घेतात. टच-अप गन म्हणून मिळते, वर १००-१२५ मिलिलिटरचा इवलासा कप, नोझल ०.८ किंवा १.०. हवा लागते ३ ते ४ सीएफएम. म्हणजे सागवानी, तुमचा आहे तो कंप्रेसर तिला जवळजवळ पुरतो! फवारा अरुंद करून गोल ठेवता येतो. जाळीत तिरका मारायचा, आधी डावीकडून सगळी भोकं, मग उजवीकडून, मग वरून, मग खालून. समोरून सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हलका. समोरून जोरात मारलं तर रंग भोकातून आरपार जातो आणि कडांवर काहीच बसत नाही.

मी शिकत होतो तेव्हा बापू मागे उभे राहून एकच सांगायचे, "आदी हवा सोड, मगे रंग." ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात नुसती हवा, पुढे दाबलं की रंग. फळीच्या बाहेर हवा सुरू, कडेच्या जरा आधी रंग सुरू, पलीकडची कड ओलांडली की रंग बंद. हात सुरू झाल्यावर ट्रिगर, आणि ट्रिगर सुटल्यावर हात थांबणार. हे उलटं झालं की दोन्ही टोकांना ओघळ ठरलेला.

एका गनमध्ये दोन्ही कामं बसवायच्या मागे लागू नका.

---

निवृत्त_रंगारी (चिंचवड)

रंधा, छोट्या गनचं माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आम्ही कारखान्यात दाराच्या आतल्या कोपऱ्यांना तीच वापरायचो. सागवानी, माझा सल्ला बदलतो. देव्हाऱ्याला १.० ची टच-अप गन. एलव्हीएलपीचं टेबलाच्या वेळी बघू.

---

गोदाकाठ (नाशिक)

विजेच्या गनबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. जुनं फर्निचर आणून नीट करायचा माझा छंद आहे, तीन वर्षं ही गन वापरतेय. आत टर्बाइन असतं, व्हॅक्यूम क्लीनरसारखं आवाज करतं. गोदरेज पद्धतीचं लोखंडी कपाट, गेट, वेताच्या खुर्च्या, कुंपणाचे पट्टे यासाठी मला फार आवडते. कंप्रेसर नको, नळी नको, पाण्याचा फिल्टर नको. ऑइल इनॅमलसारखा सावकाश सुकणारा रंग असेल तर थेंब आपोआप एकमेकांत मिसळून सपाट होतात.

पण सागवानी, जाळीला घेऊ नका. स्वस्तातल्या बहुतेकींना नोझल १.८ पासून पुढेच मिळतं. थेंब जाड पडतो, आणि लॅकर, मेलामाइन इतकं लवकर सुकतं की तो थेंब पसरायला वेळच मिळत नाही. शिवाय ट्रिगर सोडला तरी बऱ्याच गनमधून हवा चालूच राहते. जमिनीवरची धूळ उडून ओल्या कामावर बसते. मी आता आधी जमिनीवर पाणी शिंपडते.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. शिसवी टीपॉयवर लॅकर मारलं आणि दोन मिनिटांत जागोजागी गोल खड्डे पडले, मधे लाकूड उघडं, कडेने लॅकर मागे सरलेलं. पुसून पुन्हा मारलं, पुन्हा तेच. दोन दिवसांनी उलगडा झाला. त्याच खोलीत आदल्या दिवशी दाराच्या बिजागऱ्यांना सिलिकॉनचा स्प्रे मारला होता. तो हवेतून टीपॉयवर बसला होता. तेव्हापासून सिलिकॉन असलेली कुठलीही वस्तू त्या खोलीत येऊ देत नाही, गनच्या सुईला लावायचं वंगणसुद्धा बिनसिलिकॉनचंच.

---

सागवानी (पुणे)

किती नीट सांगताय सगळे! काका, तुमचा २३ सेकंदांचा हिशेब वहीत उतरवला. रंधादादा, टच-अप गन नक्की. गोदाकाठताई, माझ्या शेडमध्येही सिलिकॉन स्प्रेचा डबा होता, तो आजच घरात नेला.

आता मटेरियल. दुकानदार म्हणतो दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथेन) मारा, काचेसारखं दिसतं. मास्क म्हणून एन-९५ आहे घरात.

---

फुप्फुसवैद्य

सागवानी, इथे थांबा. मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे.

दोन डब्यांच्या पीयूमधल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारलं की त्याचे सूक्ष्म थेंब आणि वाफ श्वासात जाते. काही लोकांच्या शरीरात त्याची कायमची संवेदनशीलता तयार होते, म्हणजे नंतर अगदी थोडा संपर्क आला तरी दम्याचा झटका येतो. गाड्या रंगवणाऱ्या माणसांमध्ये व्यवसायजन्य दम्याचं हे ओळखीचं कारण आहे. माझ्याकडे असे रुग्ण येतात. चाळिशीतला कारागीर, हातात कला, आणि आता रंगाच्या दुकानाच्या दारात उभं राहिलं तरी धाप लागते. त्याला काम सोडा असं सांगणं मला फार जड जातं.

एन-९५ फक्त कण अडवतो. थिनरची वाफ त्यातून सरळ आत येते. थिनरवालं काही फवारायचं तर अर्ध्या चेहऱ्याचा रबरी मास्क हवा, सेंद्रिय वाफेची कार्ट्रिज आणि त्यावर कणांसाठीचा फिल्टर, आणि दाढी असेल तर तो चेहऱ्याला नीट चिकटत नाही. आयसोसायनेटला मात्र तोही पुरेसा भरवशाचा नाही. त्याला वास जवळजवळ नसतो, त्यामुळे कार्ट्रिज संपलं तरी तुम्हाला कळत नाही. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. तो घरच्या शेडमध्ये नसतो, म्हणून घरच्या शेडमध्ये ते फवारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मेलामाइनमधून फॉर्माल्डिहाइड निघतं, डोळे चुरचुरतात ते त्यानेच.

एका डब्याचं, पाण्यात पातळ होणारं पारदर्शक फिनिश मिळतं. ते बघा. मास्क त्यालाही लावायचाच. आणि शेडला लागून घराची खिडकी असेल तर आईला त्या वेळी पुढच्या खोलीत बसवा.

---

निवृत्त_रंगारी (चिंचवड)

डॉक्टरांच्या प्रत्येक शब्दाला माझं अनुमोदन. आमच्या काळात तोंडाला रुमाल बांधून मारायचे. त्यातले किती जण आज जिना चढू शकत नाहीत ते मला माहीत आहे.

आगीचंही बोलायला हवं. एनसीचं थिनर बंद जागेत फवारलं की एका ठिणगीचं काम. कंप्रेसरचा प्रेशर स्विच ठिणगी देतो, साधा एक्झॉस्ट फॅन देतो, दिव्याचं बटण देतं. शेडच्या भिंतीला गॅस गीझर असेल तर तो बंद, तुळशीपाशी पणती असेल तर ती विझल्यावरच काम. पाण्याचं फिनिश घेतलं की ही काळजी पुष्कळ कमी होते.

मात्र गन घेताना विचारा, नोझल आणि सुई स्टेनलेसची आहे ना. साधी असेल तर पाण्याने गंजते आणि तिसऱ्या वेळी तुमच्या पारदर्शक कोटात तांबूस ठिपके दिसतील.

---

श्टुटगार्टकर

इकडे बहुतेक हौशी लोक पाण्याचंच फिनिश वापरतात, मीही तळघरात तेच मारतो. एक अडचण येईल. पाणी लागलं की लाकडाचे तंतू उभे राहतात, पहिला कोट खरखरीत लागतो. म्हणून फवारण्याआधी ओल्या फडक्याने सगळं पुसा, वाळू द्या, मग ३२० च्या कागदाने हलक्या हाताने घासा. मग पहिल्या कोटाला फारसे उठत नाहीत. सागाच्या तेलकटपणाचं मात्र मला सांगता येणार नाही, इकडे माझं काम ओक आणि बीचवरच असतं.

---

कुडाळचा_रंधा

साग तेलकट खराच. पाण्याचं फिनिश सरळ मारलं तर काही ठिकाणी धरत नाही. त्यावर आमच्याकडचा जुना उपाय म्हणजे चपडा. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवा, पातळच. रात्रभर बरणी हलवू नका. सकाळी तळाशी दुधी गाळ बसलेला दिसेल, ते मेण. वरचं निवळ, चहाच्या रंगाचं द्रावण अलगद दुसऱ्या बरणीत ओता आणि तेवढंच वापरा. मेण राहिलं तर वरचा पाण्याचा कोट सुटतो. ह्या निवळीचा एक पातळ हात आधी मारा. सागाचं तेल खाली दबतं, आणि लाकडाला जो उबदार रंग येतो तो नुसत्या पाण्याच्या फिनिशने येत नाही.

आणि पावसाळा आहे. हवा दमट असताना चपडा किंवा लॅकर मारलं की पांढरट होतं. द्रावण भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर धरतं. सकाळी लवकर मारू नका. दुपारी अकरा ते तीन, पाऊस थांबलेला बघून. कंप्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढा, दर तासाला. आमच्याकडे जुलैत पेला-पेला निघतं.

---

सागवानी (पुणे)

तीन आठवड्यांनी लिहितोय. गन घेतली: वर कप, १.० नोझल, स्टेनलेस सुई. सोबत ८ मिलिमीटरची नळी, पाणी अडवणारा फिल्टर, मुठीशी लावायचं घड्याळ आणि कार्ट्रिजचा मास्क. सगळं मिळून गनच्या तिप्पट खर्च झाला, पण पटला.

फिनिश किती पातळ करायचं ते कळेना. डब्यावर सेकंद लिहिलेत. काका?

दुसरं, वर्तमानपत्रावर मारून पाहिलं. लांबट अंडाकृती यायला हवं होतं, आलं केळ्यासारखं, उजवीकडे वाकलेलं.

---

निवृत्त_रंगारी (चिंचवड)

ते सेकंद फोर्ड कपचे. आपल्याकडे बी-४ कप म्हणतात, खाली ४ मिलिमीटरच्या आसपास भोक असलेली छोटी ॲल्युमिनियमची वाटी. काठोकाठ भरायची, बोट काढायचं, घड्याळ सुरू. धार सलग असते तोवर मोजायचं. धार तुटून थेंब पडायला लागले की घड्याळ बंद. तुमच्या १.० नोझलला २० सेकंदांच्या आसपास आणा. आपल्याकडे हे ३० अंश तापमानाला मोजायची रीत आहे, पावसात गारठा असेल तर तेच मटेरियल जास्त सेकंद दाखवेल. पाणी एकदम ओतू नका, पाच टक्के घाला, मोजा, पुन्हा थोडं. दहाच्या वर जायचं तर आधी डबा वाचा.

केळं आलं ना, मग असं करा. एअर कॅप अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा मारा. केळं आता डावीकडे वाकलं, तर दोष कॅपमध्ये, शिंगाचं (कॅपवरच्या दोन उंचवट्यांपैकी एकाचं) एखादं भोक बुजलंय. तरीही उजवीकडेच राहिलं, तर दोष नोझलच्या टोकाशी. भोक साफ करायला टाचणी, तार काही घालायचं नाही. लाकडी टूथपिक. पितळेवर एक ओरखडा पडला की ती कॅप कायमची वाकडी मारते.

---

सागवानी (पुणे)

कॅपच होती! डाव्या शिंगात नव्या गनचंच वंगण सुकून बसलं होतं. टूथपिकने निघालं. त्यानंतर वर्तमानपत्राची सहा पानं आणि खोक्यांचे चार पुठ्ठे मारून संपवले, तेव्हा कुठे हात बसला. कामापासून एक वीत अंतर, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर.

काल चपड्याचा हात दिला, आज दुपारी पाण्याच्या फिनिशचे दोन कोट. दाब २५ पीएसआय, ट्रिगर दाबून मोजलेला. तिसऱ्या खांबावर ओघळ आला, कारण लेथच्या खोबणीत मी हात थांबवला. तो ओला असताना छेडला नाही, उद्या पूर्ण सुकल्यावर ४०० ने काढेन. पण जाळी! रंधादादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे चारही बाजूंनी तिरका मारला, समोरून शेवटी. बॅटरी लावून प्रत्येक भोक पाहिलं. एकाही कडेला थेंब नाही. आईने मागून येऊन जाळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ओलं आहे का अजून?" सुकून दोन तास झाले होते.

---

कुडाळचा_रंधा

बापूंना वाचून दाखवलं. खांबाच्या खोबणीसाठी त्यांचं म्हणणं, खांब आडवा ठेवून सावकाश फिरवत मारा, उभा मारू नका. पुढचा कोट तसा देऊन बघा.

---

निवृत्त_रंगारी (चिंचवड)

फार आनंद झाला. गन धुतलीत का? सुई काढून?

---

सागवानी (पुणे)

हो काका. आधी पाणी फवारून, मग कपात थोडं स्पिरिट. सुई मागून आधी काढली, मग नोझल, लावताना नोझल आधी आणि सुई नंतर. अख्खी गन बुडवून ठेवली नाही. सुई पांढऱ्या फडक्यावर पुसली तर एक पिवळट रेघ उमटली, म्हणून पुन्हा एकदा धुतली. आता फडकं कोरं आहे.